छान म्हटलं की उसवायचं

मी स्प्रिंगा बांधत होते. एका हातात सुतळी, सुतळीचं दुसरं टोक दाताखाली, आणि गुडघा खुर्चीच्या सांगाड्यावर रोवलेला. अशा वेळी फोन वाजला तर मी बघत नाही. पण तो वाजतच राहिला, म्हणून गाठ मारली आणि बघितलं.

दुकानातल्या कामाचे व्हिडिओ मी ज्या साइटवर टाकते, तिचा निरोप होता. 'तुमच्या सुरक्षेसाठी आम्ही एक टिप्पणी काढून टाकली आहे. एका व्यक्तीने तुम्हाला शारीरिक इजा करण्याची धमकी दिली होती. लक्षात ठेवा, तुम्ही एकट्या नाही.' आणि खाली ती धमकी, जशीच्या तशी: 'हात तोडले पाहिजेत तुझे, चेटकिणी.'

दुकानात मी एकटीच होते, पण इतकी हसले की शेजारचा चष्मेवाला काय झालं म्हणून डोकावून गेला.

धमकी देणारा माझा धाकटा भाऊ. भोपळ्या. त्याला खरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तोसुद्धा दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून पुढे चालू लागेल. आणि ती धमकी नव्हती. आमच्या घरात याहून मोठं कौतुक नाही.

हे समजायला आमचे आबा माहीत हवेत. आबांचं कुशनचं दुकान. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, जे काही फाटतं आणि ज्यावर माणूस बसतो, ते सगळं आमच्याकडे यायचं. दुकान एवढंसं. काम करणाऱ्याच्या नाकासमोर गिऱ्हाईक उभं. गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला बोलायचं नाही, हा आबांचा नियम. म्हणून कुणाचं काम फसलं की ते त्यावर प्रेमानं हात फिरवायचे, हसायचे आणि म्हणायचे, "छान आहे." गिऱ्हाईक खूश. आणि ज्यानं ते काम केलं असेल तो मुकाट्यानं ते उचलून मागच्या खोलीत न्यायचा आणि उसवायला बसायचा. याउलट काम खरोखर जमलं, की आबा चष्मा कपाळावर चढवून गरजायचे, "कुणी केलं हे? हात तोडले पाहिजेत त्याचे!" नवीन गिऱ्हाइकं दचकायची. एका म्हातारबाईंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना गं पोरी?"

मी पहिल्यांदा केलं ते पायाखाली घ्यायचं छोटं स्टूल. आबा म्हणाले, "छान आहे." मी हरखून गेले. भोपळ्या माझ्याहून लहान, पण तोवर त्यानं माझ्याहून जास्त वेळा 'छान' ऐकलं होतं. त्यानं मला मागच्या खोलीत नेलं, माझ्या हातात टाके काढायची उसवणी दिली आणि म्हणाला, "उसव." त्याची स्वतःची पहिली खुर्ची 'छान' ठरली तेव्हा मात्र हा पठ्ठ्या उसवायला बसला नाही. हातोडी फेकली, खूप रडला आणि बाकांच्या ढिगामागे लपून बसला. ती खुर्ची मग कुणी उसवली ते आम्ही विचारलं नाही.

तर असं आमचं घर. कौतुक करायचं तर शिव्या, आणि गोड बोललं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. माझा नवरा बिचारा सभ्य घरातला. दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्यांच्याकडे आमटीत मीठ नसलं तरी 'वेगळी चव आहे' म्हणतात. आबांनी पहिल्याच भेटीत त्याच्याकडे बघून मला विचारलं, "हे गाढव कुठून पकडून आणलंस?" तेव्हा त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या कानात म्हटलं, "पास झालास."

आबा गेले आणि आम्हा दोघांत बिनसलं. भोपळ्याला दुकानात फोम आणि हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक आणायची होती. मला स्प्रिंगा आणि सुतळी सोडायची नव्हती. दोघंही हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातली जात. शेवटी एक दिवस त्यानं पिशवी भरली, दारात उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच सांभाळा दुकान. छान सांभाळाल." ताई, तुम्ही आणि छान. तिन्ही एका दमात. आयुष्यात त्यानं मला तोवर ताई म्हटलं नव्हतं. त्याला दोन चापट्या मारायच्या होत्या मला, पण माझे हातच उचलले गेले नाहीत. त्यानंतर बराच काळ तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तो दुसऱ्या शहरात सोफ्यांच्या कारखान्यात लागला. तिथे तो दिवसभर सोफ्याचे डावे हात भरतो. फक्त डावे. उजवे हात हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी भरतं. त्या माणसाची आणि याची ओळखसुद्धा नाही. आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, जो अख्खी खुर्ची नुसती हात लावून ओळखायचा, तो डावे हात भरतोय, हे मला दुसऱ्याकडून कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

व्हिडिओ मी सुरू केले ते गिऱ्हाइकं यावीत म्हणून. एके दिवशी एका व्हिडिओखाली टिप्पणी आली: 'खिळे सरळ मार की म्हशे.' मी होते तिथे जमिनीवर बसले आणि रडले. नवऱ्याला वाटलं, कुणीतरी अपमान केला. त्यानं फोन घेतला आणि त्या इसमाची तक्रार करायला निघाला. मी फोन हिसकावून घेतला.

तिथून आमचं पुन्हा सुरू झालं. फोनवर आम्हाला बोलता येत नाही. 'बरंय ना', 'बरंय' इथे गाडी थांबते. पण व्हिडिओखाली त्याचं मला कापून, गाडून, उलटं टांगून झालं होतं. मी वाचत होते आणि माझं काम सुधारत होतं.

मग माझं मनगट दुखायला लागलं. नवऱ्यानंच एक्स-रे काढला, डॉक्टरांना दाखवला आणि घरी येऊन अगदी हळू आवाजात सांगितलं, "त्यांचं म्हणणं आहे, एकटीनं हे काम करायचं नाही. मदतीला कुणी घे, नाहीतर बंद कर." असं तसं माणूस ठेवता येतं, पण स्प्रिंग बांधणारं माणूस मिळत नाही. मिळणारा एकच होता आणि तो डावे हात भरत होता. मी त्याला लिहिलं, 'मनगट गेलं कामातून. दुकानात झाडलोटीला कुणीतरी हवंय. तुझ्यासारखा बिनकामाचा चालेल.'

त्याचं उत्तर लवकर आलं नाही. आलं तेव्हा एवढंच होतं: 'आधी आबांची खुर्ची भर. मग बघू.'

आबांची खुर्ची म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातली ती. जगाच्या खुर्च्या भरणाऱ्या माणसाची स्वतःची खुर्ची फाटकी, चिकटपट्ट्या लावलेली. दिव्याखाली अंधार. जिवंत असेपर्यंत त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. भोपळ्याचं म्हणणं मला नीट कळलं. खुर्ची त्याच्या पसंतीला उतरली तर तो येणार, नाही उतरली तर नाही. आणि तो आला नाही, तर वर्ष संपायच्या आत मला शटर ओढावं लागणार.

म्हणून तो स्प्रिंगांचा व्हिडिओ. म्हणून ती चेटकीण. आणि म्हणून मी हसले.

पुढच्याही टिप्पणीचं तेच झालं. मी काथ्या पसरून गोणपाटाला टाके घालत होते, आणि भोपळ्यानं लिहिलं होतं, 'दाभण घेऊन येतो आणि तुलाच शिवतो.' साइटनं तीही काढली. मी रीतसर विनंती केली. चौकोनात लिहिलं, 'हा माझा सख्खा भाऊ आहे. तो धमकी देत नाही, माझं कौतुक करतोय.' लगेच उत्तर आलं, म्हणजे माणसानं वाचलेलं नव्हतंच: 'आम्ही समजू शकतो. त्रास देणाऱ्या जवळच्या व्यक्तीची बाजू घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. बोलण्यासाठी खालील क्रमांकावर संपर्क साधा.'

नवऱ्यानं ते दोनदा वाचलं. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "मशीनचं फार चुकलं असं नाही म्हणता येणार. मलाही पहिलं वर्ष असंच वाटायचं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी एक्स-रेवाला. मला हाडं दिसतात. तुमच्या घराचं आतलं काही दिसत नाही."

त्याच व्हिडिओखाली एक गृहस्थ होते, फोटोत कोट घातलेले. त्यांनी लिहिलं होतं, 'सुंदर! इतक्या कष्टांपेक्षा नवी खुर्ची स्वस्त पडेल, पण बायकांना विरंगुळा हवाच ना.' पुढे हसरा चेहरा. साइटनं ते सगळ्यांत वर नेऊन ठेवलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पोटात एक, ओठात एक असलेली माणसं साइटला चालतात. पोटातलंच ओठांवर आणणारा माझा भाऊ चालत नाही.

दोन दिवसांनी त्याचं खातंच दिसेनासं झालं. त्याच्या जुन्या सगळ्या शिव्यांच्या जागी कोरी पांढरी जागा. खुर्चीला कापड चढवायचं तेवढं उरलं होतं. मी घाई केली नाही. गर्द हिरवं जाड कापड आणलं, कडेला त्याच कापडाचा गोट घातला, कोपऱ्यांच्या घड्या अशा घातल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. मनगट ओरडत होतं, पण मी त्याचं ऐकलं नाही. खुर्ची पूर्ण झाली तेव्हा मी तिच्यात बसून बघितलं आणि मनात म्हटलं, आबा, बोला आता. सकाळी व्हिडिओ टाकला.

दुपारी टिप्पणी आली. नव्या खात्यावरून, पण नाव त्याचंच होतं. 'खूप छान काम झालं आहे, ताई. मनापासून अभिनंदन.' आणि पुढे एक फूल.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. छान. ताई. वर फूल. दारात पिशवी घेऊन उभा असलेला तो मला जसाच्या तसा दिसला.

म्हणजे फसली. म्हणजे नाही येणार.

आता कुणी म्हणेल, उचलायचा फोन आणि विचारायचं. माझ्यासारखीला हे सुचत नाही. मला सुचलं ते एकच, की दोष कुठे आहे. मी खुर्चीवर हात फिरवला. खाली वाकून गोट बघितला. बसून, उठून, डोलून स्प्रिंगा ऐकल्या. काही सापडेना. दुसऱ्या कुणाला यावर समाधान वाटलं असतं. मी म्हटलं, दोष वर दिसत नाही, याचा अर्थ तो खोल आहे. आणि मी उसवणी घेतली.

आधी गोट काढला. मग कापड. मग कापूस, गोणपाट, काथ्या. प्रत्येक थराखाली सगळं ठीक निघायचं आणि मला जास्तच राग यायचा. शेवटी सुतळीच्या गाठी कापल्या आणि स्प्रिंगा एकेक करून उड्या मारत बाहेर आल्या. खाली उरले स्प्रिंगा ज्यांच्यावर बसतात ते जुने पट्टे आणि सांगाडा. पट्टे आबांच्या काळातले होते, पण भक्कम होते, म्हणून मी ते मुळातच बदलले नव्हते. इथे दोष नसणार, असं म्हणून मी त्यांना हात लावला नाही.

नवरा ड्युटीवरून दुकानात आला तेव्हा मी काथ्याच्या ढिगात बसले होते.

"चोर आले होते?" त्यानं विचारलं.

मी त्याला टिप्पणी दाखवली. त्यानं वाचली. "चांगलंच लिहिलंय की."

"तेच तर!"

"अगं, पहिलं खातं बंद झालं म्हणून नीट लिहिलं असेल त्यानं."

"तू आमच्यातला नाहीस. तुला नाही कळायचं."

तो खाली बसला आणि काथ्या गोळा करायला लागला. मी उघड्या सांगाड्याचा फोटो काढला आणि साइटवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या सूचनेनुसार खुर्ची उसवली आहे. धन्यवाद.' आपल्या आणि धन्यवाद! मला ठाऊक असलेली सगळ्यांत वाईट भाषा मी वापरली होती. साइटनं त्यावर काही हरकत घेतली नाही. उलट, 'तुमची पोस्ट सकारात्मक संवादाचे उत्तम उदाहरण आहे,' असं कळवलं. मग मी फोन बंद करून खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. शटर अर्धं वर गेलं, तोच त्याच्याखालून वाकून एक माणूस आत आला. अंगावर प्रवासाचा चुरगळलेला शर्ट, हातात तीच पिशवी, आणि डोकं भोपळ्यासारखं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे बोट दाखवलं आणि ओरडला, "कुणी सांगितलं होतं तुला उसवायला? अक्कल गहाण टाकलीस का, बयो?"

बयो ऐकलं आणि माझे खांदे खाली आले. पण मी कसली गप्प बसते! "तूच सांगितलंस! खूप छान म्हणालास! ताई म्हणालास! फूल टाकलंस!"

"मग काय टाकू? त्यांनी लिहिलं होतं, पुन्हा असं बोललात तर कायमचं बंद. मग मी आबांची खुर्ची बघणार कशी? सरळ शब्दांत कौतुक करायची मला सवय नाही. मी म्हटलं, तुझा नवरा असता तर कसं लिहिलं असतं, आणि तसं लिहिलं."

"आणि ते फूल?"

"ते आपोआप येतं. काढता येईना."

"फोन करायचा होतास!"

"केला. कालपासून करतोय. तुझा बंद आहे."

मी खणाकडे बघितलं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तरी सांगायचं कुणाला. बाहेर चष्मेवाल्यानं त्याचं शटर वर केलं, त्याचा खडखडाट झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी वाकून स्प्रिंगा वेचायला लागले.

"चांगली होती का पण?" मी खालीच बघत विचारलं.

"डोकं फोडावं तुझं, अशी होती."

एवढं बोलून तो सांगाड्यापाशी गेला. त्यानं पट्ट्यांवर अंगठा दाबला, आणि मग हाताच्या सवयीनं सांगाडा उलटा केला. खुर्चीच्या बुडाला धूळ लागू नये म्हणून काळं कापड लावतात. ते तसंच होतं. "खालून बघितलंस?"

"पट्टे चांगले होते. कशाला काढू?"

त्यानं ते कापड एका बाजूनं ओढलं. आणि नुसता बघत उभा राहिला.

पट्ट्यांचे खिळे असतात खालच्या बाजूला, सांगाड्याच्या लाकडात. ते एका ओळीत हवेत. हे एका ओळीत नव्हते. जिथे एक पुरतो तिथे तीन, काही वाकून आडवे झालेले, काहींच्या भोवती लाकडावर हातोडीचे खड्डे. आणि सगळे उजवीकडे कललेले. डावखुऱ्या माणसानं मारले की कलतात तसे. आमच्या दुकानात डावखुरा एकच होता.

"हे माझे आहेत," भोपळ्या म्हणाला.

मी जवळ जाऊन बघितलं. त्याचेच होते. ती त्याची पहिली खुर्ची होती, जिच्यावर आबांनी 'छान आहे' म्हणून हात फिरवला होता आणि जी सोडून हा बाकांमागे रडत बसला होता. ती कुणी उसवलीच नव्हती. आबांनी तिच्यावर नुसतं दुसरं कापड चढवून ती कोपऱ्यात नेली होती आणि हयातभर तिच्यावर बसले होते. वरून फाटली, चिकटपट्ट्या लागल्या, तरी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"पण ते छान म्हणाले होते," तो म्हणाला. "मी ऐकलंय ना."

"म्हणाले होते खरं."

"मग उसवली का नाही?"

आबा आयुष्यात एकदा साध्या अर्थानं बोलले असतील आणि आम्ही दोघांनी तेवढंच नेमकं उलटं ऐकलं असेल, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलून दाखवलं. भोपळ्यानं मान हलवली, नाक ओढलं आणि खिळ्यांवरून बोट फिरवत राहिला. बराच वेळ. मी त्याला रडू दिलं, कारण मीही रडत होते.

"टोचत असणार हं त्यांना," शेवटी तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

ते खिळे आम्ही बदलले नाहीत. काळं कापड तेवढं परत लावलं. भोपळ्यानं कारखान्यातून सुट्टी घेतली होती. ती संपेपर्यंत खुर्ची भरून काढू, असं ठरलं. तो डावीकडून बांधायचा, मी उजवीकडून. जेवताना आम्ही साइटला पुन्हा लिहायला बसलो. या खेपेला मी भावाची बाजू घेतली नाही. आबांचं दुकान कसं होतं ते लिहिलं. गिऱ्हाईक कुठे उभं राहायचं, छान म्हटलं की आम्ही काय करायचो, हात तोडायची भाषा कधी व्हायची, ती म्हातारबाई, सगळं. चौकोनात मावेना तेव्हा दुसरी विनंती पाठवली आणि उरलेलं तिच्यात लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तुम्ही काढलेल्या टिप्पण्या वाचून माझं काम सुधारलं. तुम्ही ठेवलेली वाचून मी खुर्ची फोडली.'

या वेळी उत्तर लगेच आलं नाही. त्यावरून नवरा म्हणाला, "बहुतेक माणूस वाचतोय."

आम्ही काथ्या पसरत होतो तेव्हा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. बघितलं तर एकेका व्हिडिओखाली भोपळ्याच्या जुन्या शिव्या परत येत होत्या. म्हैस आली, चेटकीण आली, दाभणानं शिवणं आलं. साइटचं पत्र दोन ओळींचं होतं, खाली नाव नव्हतं: 'आमच्याकडून समजण्यात चूक झाली. खाते पूर्ववत केले आहे.'

तेवढ्यावर मी खूश होते. पण संध्याकाळी त्या उघड्या सांगाड्याच्या फोटोखाली एक नवी टिप्पणी दिसली. खातं अनोळखी, फोटो नाही, पूर्वी कुठे काही लिहिलेलं नाही. लिहिलं होतं: 'ही खुर्ची पुन्हा भरली नाहीत तर हात तोडले पाहिजेत तुमचे.'

"तुमचे," भोपळ्या म्हणाला. "मान ठेवून धमकी दिलीय."

"शिकाऊ आहे," मी म्हटलं. "पण जमेल त्याला."

कोण होतं ते आम्हाला कळलं नाही. नवऱ्याला मात्र त्या माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटला. बाहेरून येऊन आमची भाषा शिकायची म्हणजे काय असतं, हे त्यालाच ठाऊक. त्यानं त्या टिप्पणीला स्वतःच्या खात्यावरून एक फूल पाठवलं.

खुर्ची पूर्ण झाली ती भोपळ्याची सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी. तेच हिरवं कापड, तोच गोट. डाव्या हाताचा कोपरा त्यानं घातला, उजव्याचा मी. दोन्हीकडून बघितलं तर एकाच माणसाचं काम वाटावं. त्याची पिशवी दाराशी होती, भरलेली की रिकामी ते मी बघितलं नव्हतं. बघायची हिंमत नव्हती.

भोपळ्या खुर्चीत बसला. पाठ टेकली. आपले दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. डोळे मिटले. नवरा एक्स-रे काढताना सांगतो तसा मी श्वास रोखून धरला होता. हा आता 'छान आहे' म्हणाला तर काय करायचं, साध्या अर्थानं घ्यायचं की उसवायचं, हे मला खरंच कळत नव्हतं.

त्यानं डोळे उघडले आणि चष्मा नसताना तो कपाळावर चढवल्यासारखं केलं.

"कुणी केलं हे?" तो गरजला. "हात तोडले पाहिजेत!"

"कुणाचे?"

"दोघांचेही."

मी दाराशी गेले. त्याची पिशवी उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. रिकामीच होती, कपडे तो माझ्या घरी दोरीवरच ठेवून आला होता. येताना कोपऱ्यातला झाडू घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"झाडलोटीला ठेवीन म्हटलं होतं," मी म्हटलं. "आधी तो काथ्या उचल."